हिडकल ते जुगूळ: पाण्याकाठच्या सावलीचा हिशेब

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बेळगाव जिल्ह्यात दोन दिवसांत तीन ठिकाणी नेटची सावली उभी केली आणि मोडली. पहिली हिडकल जलाशयाच्या उघड्या पडलेल्या काठावर, दुसरी येडूरजवळ कृष्णेच्या मळीत (नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत), तिसरी जुगूळला नावेत. सामान बहुतेक तेच होतं, बांधणी मात्र तिन्हीकडं वेगळी करावी लागली. मे महिन्यात या बाजूला पोरांना पोहायला शिकवायला, गळ टाकायला किंवा नुसतं पाण्याकाठी बसायला जाणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे.

आधी सामान. 75 टक्क्यांची, म्हणजे तेवढं ऊन अडवणारी हिरवी शेडनेट, 12 बाय 10 फूट. चारही कडांना दुमडून पट्टी शिवलेली, दर तीन फुटांवर पितळी कडी. तसाच 12 बाय 4 फुटांचा एक पट्टा पडद्यासाठी. चिव्याच्या (भरीव बांबूच्या) चार काठ्या, 8 फुटी. खानापूर-चंदगड भागातला भरीव चिवाच घ्या, पोकळ वेळू पेरावर चिरतो. 6 मिलिमीटरची प्लास्टिकची दोरी 35 मीटर. 12 मिलिमीटर सळईच्या दोन फुटी मेखा आठ, दोन किलोचा हातोडा, युरियाची रिकामी पोती सहा, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बोटभर रुंद चकत्या डझनभर, आणि एक धारदार सुरी. नेट चिक्कोडी, रायबाग, अथणी कुठंही शेतीसामानाच्या दुकानात फुटावर मिळते. कृष्णाकाठच्या दुकानांत मराठी चालतंच, तरी दोरीला ‘हग्ग’, पोत्याला ‘चीला’ आणि सावलीला ‘नेरळु’ म्हटलं की काम पटकन होतं.

ताडपत्री का नाही, हे बरेच जण विचारतात. ताडपत्रीखाली हवा कोंडते आणि वारा भरला की तिचं शीड होतं. 10 बाय 10 चं कापड ताशी 30 किलोमीटरच्या वाऱ्यात आडवं सापडलं तर सुमारे 40 किलोचा जोर बसतो. वारा 40 वर गेला की हाच जोर 70 किलोवर जातो, कारण तो वेगाच्या वर्गानं वाढतो. नेटमधून थोडा वारा निघून जातो, पण तेवढ्यावर गाफील राहू नका. 90 टक्क्यांची दाट नेट वाऱ्याला जवळजवळ ताडपत्रीसारखीच वागते. 50 टक्क्यांच्या नेटखाली गार वाटतं आणि संध्याकाळी मान भाजलेली असते. पन्नासचे दोन पदर टाकले तर 75 टक्के ऊन अडतं, शंभर नव्हे. दुसऱ्या पदरापर्यंत निम्मंच ऊन येतं, त्यातलं निम्मं तो अडवतो.

वळवाचा पाऊस पडला तर नेट गळते, हे मान्य. पण सपाट ताणलेल्या ताडपत्रीवर एक सेंटिमीटर पाणी साचलं तरी 100 चौरस फुटांवर 93 किलो होतात आणि काठी त्याआधीच बसलेली असते. पावसासाठी छत्री न्या.

बेळगावहून हायवेनं साधारण 50 किलोमीटरवर हिडकल. घटप्रभेवरचा हा राजा लखमगौडा जलाशय, क्षमता 51 टीएमसी. उन्हाळ्यात पाणी मागं सरकतं आणि बुडालेलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उघडं पडतं, त्यामुळं या दिवसांत वर्दळ असते. धरणाची भिंत आणि दरवाजे यांपासून लांब राहा, आणि जिथं फलक लावलेत तिथं उतरू नका.

इथली अडचण जमिनीची. वर भेगाळलेल्या गाळाची खपली, खाली मुरूम आणि दगड. मेख चार बोटं जाते आणि वाकते. म्हणून इथं पोती. गाडीपासून पाण्यापर्यंत बरंच चालावं लागतं, भरलेली पोती कोण नेणार? रिकामी न्या आणि तिथंच मुरूम-वाळू भरा. युरियाचं पोतं तिसरा हिस्सा भरलं तरी 30 किलोच्या आसपास होतं. प्रत्येक कोपऱ्याला एक. उरलेली दोन पश्चिमेच्या दोन कोपऱ्यांना जास्तीची, कारण दुपारनंतर वारा बहुतेक तिकडूनच येतो. पोतं काठीच्या बुंध्याला टेकवून ठेवण्याची चूक सगळे करतात. काठी उडत नाही, कलंडते. पोतं काठीपासून सहा-सात फूट बाहेर ठेवा आणि काठीच्या शेंड्यावरून तिरपा ताण, म्हणजे ताणलेली दोरी, त्याला बांधा. प्रत्येक कोपऱ्याला असे दोन ताण, एकमेकांशी काटकोनात. दोन्ही ताण एकाच पोत्याला बांधू नका, दुसऱ्यासाठी मोठा दगड शोधा.

पाण्याचे 20 लिटरचे कॅन वजन म्हणून चालतात, पण जमिनीवर. तेच कॅन पाण्यात सोडले तर वजन जवळजवळ शून्य, पाण्यात पाणी काय जड होणार? वाळूचं 20 किलोचं पोतंसुद्धा पाण्यात बुडाल्यावर साडेबारा किलोचंच काम करतं. कडेच्या उथळ पाण्यात काठी रोवून सावली करणाऱ्यांनी हा हिशेब धरावा.

आता सावली पडते कुठं ते. बेळगाव जिल्ह्यात मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा कापडाची सावली कापडाखालीच पडते आणि सगळे खूश असतात. सात फुटांवर बांधलेल्या कडेची सावली सकाळी दहाला पाच फूट पश्चिमेला सरकलेली असते, आणि दुपारी चारला साडेआठ फूट पूर्वेला. म्हणजे दहा फूट रुंदीच्या छताखाली चार वाजता जेमतेम दीड फूट सावली उरते, बाकीची शेजाऱ्याच्या चटईवर. लोक मग काठ्या उपटून छत हलवत बसतात. त्यापेक्षा सुरुवातीलाच पश्चिमेची कड पाच फुटांवर, पूर्वेची सात फुटांवर बांधा. पश्चिमेच्या कडेला चार फुटी पडदा सोडा, तो जमिनीपासून फूटभर वर राहू दे. वाकून आत शिरावं लागतं, पण साडेचारपर्यंत कुणाला उठावं लागत नाही.

‘पाण्यावर ऊन दुप्पट लागतं’ असं सर्रास म्हणतात. भर दुपारी हे खरं नाही. डोक्यावरच्या उन्हातलं जेमतेम दोन टक्के पाणी परत फेकतं. सूर्य क्षितिजापासून 10 अंशांवर आला की मात्र हेच प्रमाण 35 टक्क्यांवर जातं. म्हणून डोळे दिपतात ते सकाळी सात आणि संध्याकाळी सहाला, आणि ते वरच्या छतानं अडत नाही. पाण्याच्या बाजूला, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांखाली येईल एवढा खाली पडदा हवा. पूर्वेला पाणी असलेल्या काठावर सकाळी पडदा त्या बाजूला लावा, जेवणानंतर काढून पश्चिमेला आणा. कड्यांत अडकवलेला असला तर दोन मिनिटांचं काम.

पडद्याची खालची कड दोरीनं घट्ट बांधू नका. कडीतून ट्यूबची चकती घाला आणि दोरी चकतीला बांधा. वाऱ्याचा झटका आला की रबर ताणतं, कडी निघत नाही. तरीही एखादी निघतेच. तेव्हा सुपारीएवढा गुळगुळीत गोटा कापडाच्या आतून धरा, कापड त्याच्याभोवती गोळा करा आणि गोट्याच्या मानेखाली दोरीचे तीन वेढे देऊन गाठ मारा. मूळ कडीपेक्षा हे पक्कं बसतं. हिडकलला एक कोपरा असाच बांधला, तो पुढचे दोन्ही मुक्काम तसाच टिकला.

संकेश्वरवरून चिक्कोडी आणि तिथून येडूर. हा दुसरा काठ. इथं कृष्णेची मळी, काळी आणि मऊ. मेख हाताच्या दाबानं जाते आणि तितक्याच सहज वर येते. वरून कोरडी दिसणारी माती वीतभर खाली ओली असते. दोन फुटी मेख इथं उभी ठोकून उपयोग नाही. ताणाच्या उलट बाजूला कलती ठोका आणि तिच्या मागं हातभर अंतरावर दुसरी ठोकून दोघींना एकत्र बांधा. त्याहून खात्रीचं म्हणजे दीड-दोन फूट खड्डा काढून पोतं आडवं पुरणं. दोरी त्याच्या मध्यावर बांधून तिरपी बाहेर काढायची आणि माती तुडवून बसवायची. खड्ड्याला दहा मिनिटं लागतात. पश्चिमेच्या दोन कोपऱ्यांना तेवढं करा, पूर्वेला जोडमेख पुरते.

काठापासून किती लांब बसायचं, तेही बघा. उन्हाळ्यात इथलं पाणी बंधाऱ्यांनी अडवलेलं असतं. वरून सोडलं किंवा खाली फळ्या काढल्या की पातळी बदलते, आणि त्यासाठी इथं पाऊस पडावा लागत नाही. सकाळी पाण्याच्या रेषेवर एक काटकी रोवा आणि तासा-तासाला बघा. बंधाऱ्यालगत तर बसूच नका, पोरांना तिकडं पोहायला तर मुळीच सोडू नका.

दुपारी तीननंतर आभाळ भरून आलं. वळवाचा वारा कुठूनही येतो आणि आधी दहा मिनिटं सगळं चिडीचूप होतं. तेव्हाच सावली उतरवायची, धूळ दिसल्यावर नव्हे. आमची दोन माणसांत मिनिटभरात खाली आली, ती कोपऱ्यांना सुरगाठी (एक टोक ओढताच सुटणाऱ्या) होत्या म्हणून. क्रम महत्त्वाचा. वारा ज्या बाजूला चाललाय त्या बाजूचे दोन कोपरे आधी सोडा. कापड झेंड्यासारखं त्याच दिशेला फडफडतं, जोर एकदम उतरतो, आणि वाऱ्याकडच्या काठ्यांचे ताण शाबूत असल्यामुळं त्या उभ्या राहतात. उलट केलंत तर कापड माणसांवर पलटी खातं आणि काठ्यांसकट येतं. शेजारच्या मंडळींचा घडीचा गॅझेबो, म्हणजे चार पायांचा तयार मांडव, नेमका असाच गेला. कात्रीसारख्या सांध्यांतले प्लास्टिकचे तुकडे एकदा तुटले की त्या सांगाड्याचं भंगार होतं. गॅझेबो असेलच तर पाय सगळ्यात खालच्या खाचेवर ठेवा आणि चारही कोपऱ्यांवरून बाहेर ताण द्या.

प्लास्टिकच्या ठोकळ्यांचे तरंगते धक्के आता बऱ्याच ठिकाणी दिसतात. त्यांच्यावर मेखही नाही आणि पोतंही बेतानं ठेवायचं, कारण सगळी वजनं एका कडेला गेली की धक्का कलतो. तिथं छत उंच नको, पाच फूट पुरे, आणि ताण ठोकळ्यांच्या कडेच्या कानांना द्या, रेलिंगच्या नळीला नाही. किनाऱ्याला तर एकही ताण बांधू नका. धक्का पाण्याबरोबर वर-खाली होतो, किनारा होत नाही, मग मधली काठी मोडते.

तिसरा मुक्काम जुगूळ. समोरच्या काठाला कोल्हापूर जिल्ह्यातलं खिद्रापूर. नावेतल्या सावलीचं पहिलं सूत्र म्हणजे ती बुटकी हवी. उभं राहता येईल एवढी उंच केली की नाव वाऱ्याच्या हवाली होते. बांबूच्या तीन कांबा घ्या, प्रत्येकी दहा फूट, रात्रभर पाण्यात भिजवून वाकवलेल्या. साडेचार फूट रुंदीच्या नावेवर त्यांची कमान नावेच्या कडेपासून सव्वातीन फूट वर येते, बसलेल्या माणसाच्या डोक्याला लागत नाही. टोकं अडकवायला सव्वा इंची पीव्हीसी पाइपचे आठ इंची तुकडे नावेच्या आतल्या फासळ्यांना ट्यूबच्या पट्टीनं दोन जागी आवळायचे. दुसऱ्याच्या नावेला भोक पाडायचं नाही. वर नऊ बाय सहा फुटांची नेट.

कमानी कुठं लावायच्या, यावर नावाडीमामांनी आमची पहिली मांडणी हाणून पाडली. आम्ही पुढच्या तोंडाला लावल्या होत्या. तिथं वारा लागला की नाकाड फिरतं आणि वल्ही मारणारा ते सरळ करण्यातच दमतो. मध्यापासून किंचित मागं लावल्यावर नाव सरळ चालली, आणि मागं उभ्या माणसाला वरून पुढचं दिसत राहिलं. पडद्याबद्दलही ते म्हणाले, “एकाच अंगाला बांधा. दोन्हीकडनं बांधलासा तर वल्ह्यानं धरवत न्हाई.”

याला दुसरंही कारण आहे. नाव उलटली तर दोन्ही बाजूंनी बंद कापडाखाली माणूस अडकतो. एक बाजू पूर्ण मोकळी ठेवा, गाठी सगळ्या सुरगाठी, सुरी नावाड्याच्या हाताशी, लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात. जॅकेट बुडाखाली घेऊन बसणारे फार भेटतात. वारा उठला तर आधी नेट काढायची, मग काठ गाठायचा.

खिद्रापूरला उतरलात तर कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपात पाच मिनिटं थांबा. छताला मधोमध मोठं गोल तोंड आहे. फरशीवर पडलेल्या उन्हाच्या कडेला खडूची नव्हे, बोटाचीच खूण धरा आणि बघा. पाच मिनिटांत कड बोट सोडून पुढं गेलेली असते. काठावर बांधलेली सावलीही अशीच सरकत असते.

परतताना पोती तिथंच रिकामी करा, खड्डे बुजवा. नेट ओली गुंडाळू नका. मळीचा गाळ विणीत वाळला की धागा घासून तुटतो, म्हणून घरी पोचल्यावर नळीनं धुऊन सावलीतच वाळवा. कांबा मात्र वाकलेल्याच ठेवा, टोकांना दोरी बांधून. सरळ झाल्या तर पुढच्या वेळी पुन्हा रात्रभर भिजवाव्या लागतात.