भूतानचे हवामान: महिन्याआधी उंची विचारा

भूतानला कोणत्या महिन्यात जावे, असे कोणी विचारले की, कोणत्या उंचीवर जायचे आहे, असा उलट प्रश्न केल्यावाचून मला राहवत नाही. जवळपास केरळएवढ्या, म्हणजे सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटरच्या या देशात भारताला लागून असलेला दक्षिणेचा पट्टा समुद्रसपाटीपासून जेमतेम काहीशे मीटर उंच आहे, तर उत्तरेचे गांगखर पुएन्सुम हे शिखर ७,५७० मीटर उंच आहे. दर हजार मीटर चढल्यावर तापमान साधारण सहा अंशांनी उतरते. त्यामुळे दक्षिण सीमेवरच्या फुंटशोलिंग शहरात दमट उकाड्याने जीव नकोसा होत असताना उत्तरेच्या खिंडींत बर्फ पडत असू शकते. अशा देशाचे सरासरी तापमान सांगणे मला निरर्थक वाटते.

हा फरक थिंफूहून पुनाखाला जाताना काही तासांतच अनुभवता येतो. थिंफू सुमारे २,३०० मीटरवर आहे. तिथून रस्ता ३,१०० मीटरच्या आसपास असलेल्या दोचुला खिंडीत चढतो, जिथे ढग अंगावरून जातात आणि झाडांच्या फांद्यांवर शेवाळ लोंबत असते. पलीकडे उतरू लागले की अंगावरचे गरम कपडे एकेक करून काढावे लागतात, आणि १,२०० मीटरवरच्या पुनाखात भाताची खाचरे आणि केळी-संत्र्यांची झाडे दिसतात. थिंफूचा भिक्षुसंघ आजही जे खेनपो, म्हणजे देशाचे प्रमुख धर्मगुरू, यांच्यासह हिवाळ्यासाठी याच उबदार खोऱ्यात मुक्काम हलवतो.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो खोऱ्यांच्या तळाचा कोरडेपणा. मोसमी वाऱ्यांचा बराचसा पाऊस दक्षिणेच्या डोंगरांवरच पडून जातो, हे एक कारण. पण दुसरे कारण त्या खोऱ्यांतच आहे. दिवसा उन्हाने उतार तापले की हवा त्यांच्या कडेने वर चढते आणि ढग माथ्यांवर जमतात, तर खोऱ्याच्या मध्यावर हवा खाली उतरत असल्यामुळे तिथले ढग विरून जातात. म्हणून वर दाट, ओलेकंच जंगल आणि खाली नदीकाठी विरळ चीडवृक्ष (पाइन) व झुडपे, असे उलटे दृश्य दिसते. दुपारी याच खोऱ्यांतून जोराचा वारा वाहतो. पुनाखाजवळचे वांगदी हे गाव तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. पारोच्या विमानतळावरही याच वाऱ्यामुळे बरीचशी उड्डाणे सकाळी उरकली जातात.

सप्टेंबरमध्ये ‘थ्रुएबाब’ या सणाने पावसाळ्याला निरोप दिला जातो, आणि त्यानंतर आकाश निरभ्र होऊन बर्फाच्छादित रांगा स्पष्ट दिसू लागतात. पर्यटकाला हा काळ सुखाचा असला, तरी कोरड्या हिवाळ्यात नद्यांचे पाणी इतके आटते की पावसाळ्यात भारताला जलविद्युत विकणाऱ्या भूतानला त्या महिन्यांत भारताकडूनच वीज विकत घ्यावी लागते.