कोपनहेगनची दिवेलागण आणि लुई पोल्सनचे दिवे

डिसेंबरात कोपनहेगनला दुपारी साडेतीनच्या सुमारासच दिवेलागण होते आणि सकाळी साडेआठच्या आत काही उजाडत नाही. वर्षातले कित्येक महिने दिव्याखाली काढावे लागतात, म्हणून इथली माणसं दिव्याचा विचार फार मनापासून करतात. पुण्यात घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम करताना डेन्मार्कच्या लुई पोल्सन कंपनीचे दिवे मी कॅटलॉगमध्ये सारखे बघायचे. ते ज्या जागांसाठी घडले त्याच जागी जाऊन बघायचे, ही इच्छा फार जुनी. म्हणूनच मुद्दाम हिवाळा निवडला.

सुरुवात केली न्यूहाउनपासून. कालव्याच्या काठची ती लाल-पिवळी-निळी घरं सगळ्यांनी फोटोत पाहिलेली असतात. परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसन ज्या घरांत राहिला, तिथं पर्यटकांची गर्दी असते. 11 नंबरच्या घरापुढे मात्र कोणी थांबत नाही. लुई पोल्सन कंपनी 1908 मध्ये इथं आली आणि पुढची कित्येक दशकं तिचा कारभार इथूनच चालला.

गंमत म्हणजे हा धंदा दिव्यांचा नव्हताच. 1874 साली लुडविग पोल्सन यांनी परदेशी वाइन थेट आयात करून विकायला सुरुवात केली, पण चार वर्षांतच तो व्यवसाय गुंडाळावा लागला. मग 1892 मध्ये, इथून चालत दहा मिनिटांवर असलेल्या गोथर्सगेड रस्त्यावर कोपनहेगनचं पहिलं वीज केंद्र सुरू झालं. लुडविगनी वारं ओळखलं आणि हत्यारं व विजेचं सामान विकायला घेतलं. 1896 मध्ये त्यांचा पुतण्या लुई हाताखाली आला, आणि दहा वर्षांनी काका वारल्यावर दुकान त्याच्याकडे गेलं. 1911 मध्ये सोफस कास्ट्रुप-ओल्सन भागीदार झाले. 1917 मध्ये लुई 10,000 क्रोनर घेऊन बाजूला झाला आणि सोफस एकटे मालक उरले. म्हणजे आज जगभर ज्याचं नाव दिव्यांवर आहे, त्या माणसानं त्यातला एकही प्रसिद्ध दिवा विकलेला नाही. ते सगळे नंतरचे. त्यांचा जनक वास्तुविशारद पॉल हेनिंग्सन. डेन्मार्कमध्ये त्यांना पीएच या आद्याक्षरांनीच ओळखतात.

पीएच समजून घ्यायला डिझाइनम्युझियम डॅनमार्कला गेले. अठराव्या शतकातलं जुनं हॉस्पिटल आहे ते, 1920 च्या दशकात संग्रहालयासाठी बदललेलं. तिथं पीएचचा काचेचा टेबललॅम्प अगदी जवळून बघता आला. एकाखाली एक उपड्या ठेवलेल्या तीन वाट्यांसारख्या तीन छत्र्या, वरची सगळ्यात मोठी, खालची सगळ्यात लहान. दुधी काचेचा वरचा पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत. वाकून खालून पाहिलं तर आतली बाजू वाळूचा मारा करून मंद, खरखरीत केलेली. बल्ब शोधायला मी उजवीकडून, डावीकडून डोकावले. उभी असताना किंवा समोर बसल्यावर जशी नजर जाईल, तशा कुठूनही तो दिसत नाही.

यामागची विचारसरणी मला सगळ्यात आवडते. पीएचचा जन्म 1894 चा. लहानपण रॉकेलच्या दिव्यांच्या मऊ उजेडात गेलं. मग घराघरात वीज आली आणि उघडा बल्ब लोकांच्या डोळ्यांवर येऊ लागला. उजेड वाढला, पण त्या उजेडात माणसाचा चेहराही धड दिसेना आणि खोलीही. बल्बवर कापड गुंडाळावं तर निम्मी वीज वाया. पीएचनी हे कोडं भूमितीनं सोडवलं. त्यांच्या छत्र्यांचा बाक लॉगरिदमिक सर्पिलाचा, म्हणजे शंखासारखा बाहेर रुंदावत जाणारा असतो आणि प्रकाशाचा उगम त्या सर्पिलाच्या केंद्राशी. अशा वक्राचा गुण असा की केंद्रातून निघालेला किरण छत्रीवर कुठंही पडला तरी तो सारख्याच कोनात पडतो. पीएचच्या दिव्यांत हा कोन 37 अंशांचा. त्यामुळे छत्री सगळीकडे सारखी उजळते, उजेड खाली आणि बाजूला पसरतो, आणि थेट बल्बकडून डोळ्यात काहीच येत नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण आपल्याकडच्या लखलखत्या एलईडी पॅनेलखाली बसून जेवताना कळतं की शंभर वर्षांपूर्वी सुटलेलं हे कोडं आपण पुन्हा बांधून ठेवलंय.

कंपनी आणि पीएच यांचं नातं जमलं 1924 मध्ये. पॅरिसच्या 1925 च्या सजावटी कलांच्या प्रदर्शनात त्यांच्या दिव्याला सुवर्णपदक मिळालं. पाठोपाठ कोपनहेगनला लागून असलेल्या फ्रेडरिक्सबर्गमध्ये फोरम नावाचं भव्य प्रदर्शनगृह उभं राहत होतं. तिथल्या दिव्यांचं काम कंपनी आणि पीएच यांना मिळालं आणि त्यासाठी तीन छत्र्यांची रचना पक्की झाली. फेब्रुवारी 1926 मध्ये फोरम मोटारींच्या प्रदर्शनानं खुलं झालं. त्याच दिव्याची लहान-मोठी भावंडं मग घराघरात आणि देशाबाहेरही गेली. जर्मन वास्तुविशारद मीस व्हान डेर रोहे यांच्या, चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरातल्या टुगेंडहाट व्हिलातही पीएचचे दिवे आहेत. फोरमच्या नावाचं आता मेट्रो स्टेशन आहे. मी तिथं उतरून इमारतीला बाहेरून एक फेरी मारली.

टिव्होली बागेत संध्याकाळी गेले. 1843 पासूनची ही बाग डिसेंबरात दिव्यांनी नुसती फुललेली असते. पण माझ्या डोक्यात दुसराच काळ होता. एप्रिल 1940 मध्ये जर्मन सैन्य आलं आणि शहरावर अंधार लादला गेला. विमानांना उजेड दिसता कामा नये असा हुकूम! आणि टिव्होलीचा जीव तर रात्रीच्या दिव्यांत. त्या दिवसांत पीएच बागेचे वास्तुविशारद होते. 1941 मध्ये त्यांनी असा दिवा काढला, की खालून चालणाऱ्याला वाट दिसावी आणि वरून काहीच दिसू नये. त्याच्या जोरावर टिव्होली मध्यरात्रीपर्यंत चालू राहिली. डोळ्यांवर येणारा बल्ब लपवण्याची विद्या बॉम्बफेक्या विमानांपासून एक बाग लपवायला कामी आली! ही गोष्ट मला या दिव्यांच्या सबंध इतिहासात सगळ्यात मोठी वाटते. युद्धानंतर तळ्याकाठी लागलेले सर्पिल पट्ट्यांचे दिवे याच विचाराचे पुढचे वंशज. त्यांच्याखाली मी बराच वेळ थांबले.

1943 च्या शरदात डेन्मार्कमधल्या ज्यूंची धरपकड सुरू झाली, तेव्हा वास्तुविशारद अर्ने याकोबसन आणि पीएच पत्नींसह वल्ह्यांच्या छोट्या होडीतून सामुद्रधुनी ओलांडून स्वीडनला निसटले. याकोबसन ज्यू होते. एका होडीत बसलेल्या या दोघांनी पुढे याच कंपनीला तिचे सर्वांत गाजलेले दिवे दिले. टिव्होलीच्या दारातून समोर जो उंच, करड्या-हिरव्या काचेचा मनोरा दिसतो ते याकोबसनचं 1960 मध्ये उघडलेलं एसएएस रॉयल हॉटेल. खुर्च्यांपासून काट्या-चमच्यांपर्यंत सगळं त्यांनीच आखलेलं, आणि त्यांच्याच आद्याक्षरांचा, तिरक्या टोपीचा एजे दिवाही याच हॉटेलसाठी. 606 नंबरची खोली अजून मूळ रूपात जपली आहे.

दुसऱ्या दिवशी लांगेलिनीच्या धक्क्यावर. सगळे जलपरीचा पुतळा बघायला धावतात, मी जवळच्याच लांगेलिनी पॅव्हेलियनकडे गेले. इथली आधीची इमारत 1944 मध्ये नाझींच्या हस्तकांनी उडवून दिली होती. नवी 1958 मध्ये उभी राहिली आणि तिच्यासाठी पीएचनी आर्टिचोक (पानापानांची एक भाजी) नावाचा दिवा केला. तांब्याची 72 पानं, बारा ओळींत, प्रत्येक ओळ खालच्या ओळीच्या फटी झाकणारी. मूळ दिवे अजून तिथं टांगलेले आहेत. पानांच्या कडांवर गुलाबी-नारिंगी झाक येते आणि एवढा मोठा दिवा असूनही डोळे दिपत नाहीत. पीएच तेव्हा साठी ओलांडलेले होते. सात काचांच्या आपल्याच एका जुन्या दिव्याचा आराखडा हाताशी होता, म्हणून काम झपाट्यानं झालं.

त्याच वर्षी, 1958 मध्ये, आला पीएच 5 हा दिवा. मुख्य छत्रीचा व्यास 50 सेंटिमीटर म्हणून 5. बल्ब बनवणारे सारखे आकार बदलतात याला पीएच कंटाळले होते. मग त्यांनी कुठलाही बल्ब लावा, तो दिसणार नाही असाच धातूचा दिवा केला. आत एक लाल आणि एक निळा छोटा भाग आहे. आपला डोळा पिवळ्या-हिरव्याला जास्त संवेदनशील, लाल-निळ्याला कमी, म्हणून त्या दोन रंगांची थोडी भर. मी उतरले होते त्या घरात जेवणाच्या टेबलावर हाच दिवा, तोही चांगला खाली टांगलेला. सगळा उजेड ताटांवर आणि पलीकडच्या माणसाच्या चेहऱ्यावर. कोपऱ्यात अंधार होता आणि तो कोणाला खटकत नव्हता. आपण खोलीचा कानाकोपरा उजळवायच्या नादात जेवणाच्या टेबलाकडे दुर्लक्ष करतो, असं मला तिथं प्रकर्षानं वाटलं.

पीएच 1967 मध्ये गेले. त्यानंतर आला डिझायनर वर्नर पँटन यांचा पँथेला दिवा, 1971 चा. त्यात दिव्याची बैठकही उजेड परतवते. हे पँटन पीएचच्या सावत्र मुलीचे एकेकाळचे पती आणि तरुणपणी याकोबसनच्या कार्यालयात काम केलेले. एवढ्याशा देशात सगळेच एकमेकांचे कोणी ना कोणी! कंपनी आता एका इटालियन समूहात आहे, कारखाना मात्र डेन्मार्कमध्येच, जटलंड द्वीपकल्पातल्या व्हेयेन गावी. दिवे फार महाग आहेत आणि त्याबद्दल मला वाईट वाटतं, कारण पीएचना चांगला उजेड सामान्य घरात हवा होता.

जाणार असाल तर संग्रहालय सोमवारी बंद असतं हे लक्षात ठेवा. टिव्होलीचा नाताळचा मोसम साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत. न्यूहाउन, संग्रहालय आणि लांगेलिनी एकाच दिशेला आहेत, पायी सहज होतात. फोरम मेट्रोनं करा, आणि टिव्होली अंधार पडल्यावरच.