रन-कोडं अपडेट: क्यूची कोंडी फुटली, आणि लिहिता लिहिता प्लॅनही बदलला

मंडळी, माझ्या इंग्रजी शब्दकोड्यात अडकलेला क्यू (Q हे अक्षर) सुटला! मागच्या अपडेटनंतर ग्रिड नुसतं पडून होतं, उघडायचं, डाव्या खालच्या कोपऱ्याकडे बघायचं आणि बंद करायचं एवढंच चालू होतं.

मध्येच वाचायला आलेल्यांसाठी थोडक्यात. पंधरा बाय पंधरा घरांचं क्रिप्टिक, म्हणजे ज्यात क्लू शब्दांशी खेळून उत्तराकडे नेतो ते कोडं, त्यात दहा थीम-उत्तरं, आणि दहाही म्हणजे रन या एकाच शब्दाचे वेगवेगळे अर्थ. एरवी क्लूमध्ये उत्तराचा सरळ अर्थही (डेफिनिशन) असतो, या दहांना तो नाही, नुसता वर्डप्ले. रन स्वतः कुठेच दिसत नाही, तो सोडवणाऱ्यानं ओळखायचा. ऑक्सफर्डवाल्यांनी रनच्या नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ काढलेत, आणि वर्डनेट या ऑनलाइन शब्दसंग्रहात क्रियापदाचे ४१ नि नामाचे १६, त्यामुळे माल कमी पडणार नव्हता. अडलं ते मांडणीत.

पहिल्या ओळीत डावीकडे मॅनेज, मग काळं घर, मग फंक्शन. सहा अधिक एक अधिक आठ, बरोब्बर पंधरा. ग्रिड उलटं फिरवलं तरी तसंच दिसायला हवं, म्हणजे शेवटच्या ओळीत डावीकडे आठ अक्षरी आणि उजवीकडे सहा अक्षरी. तिथे सिक्वेन्स आणि लॅडर. सिक्वेन्स मला मुद्दाम शेवटीच हवा होता, कारण रमीत आपण ज्याला सिक्वेन्स म्हणतो त्यालाच इंग्रजी पत्तेवाले रन म्हणतात आणि पत्ते खेळणाऱ्याच्या हातात तिथे किल्लीच पडते, ती वरच्या ओळीत कशाला द्यायची?

आता गंमत बघा. उभे शब्द आपल्या ग्रिडमध्ये एक सोडून एक कॉलममध्ये येतात, पहिला, तिसरा, पाचवा, सातवा. सिक्वेन्सचं तिसरं अक्षर क्यू. ओळ शेवटची. म्हणजे तिसऱ्या कॉलममधला उभा शब्द क्यूवर संपायला हवा! इंग्रजीत क्यूवर संपणारं चटकन आठवतं काय तर इराक, नॅस्डॅक, आणि तलाक. पहिली दोन विशेषनामं, ती मी भरणीत (थीमबाहेरचे शब्द भरताना) घेत नाही. तलाक चेंबर्स डिक्शनरीत आहे, पाच अक्षरी आहे, चक्क बसतही होता, ग्रिड भरणाऱ्या क्यूएक्सडब्ल्यू सॉफ्टवेअरनं हिरवा कंदील दिला. पण हलक्याफुलक्या कोड्यात, टाका सुटलेल्या मोज्याच्या आणि क्रिकेटच्या शेजारी तो शब्द मला नको होता. त्याला मजेदार क्लू लिहायला हात धजेना. काढला.

तर तोडगा असा निघाला की त्या दोन्ही ओळी आरशात बघितल्यासारख्या पलटायच्या. सिक्वेन्स उजवीकडे सरकला की आठव्या कॉलमपासून सुरू होतो, मग उभ्या शब्दांच्या वाट्याला त्याची दुसरी, चौथी, सहावी, आठवी अक्षरं येतात, म्हणजे ई, यू, एन, ई. क्यू दोन उभ्या शब्दांच्या मध्ये निवांत बसला, त्याला खालून-वरून कोणी विचारत नाही. एका उभ्या शब्दाच्या शेवटी यू आला, आणि यूवर संपणारे शब्द निदान आहेत तरी, मेन्यू, टोफू, हायकू, आपला गुरू. सगळे बाहेरून आलेले, पण बसतात. काल रात्री भरणी पूर्ण झाली तेव्हा एकटाच टाळ्या वाजवल्या.

आता क्लूंकडे. लॅडर (मोज्याचा धागा तुटून वरपर्यंत जी रेघ उसवत जाते ती, अमेरिकेत तिला रन म्हणतात): लार्ज स्नेक. लार्जचा एल, पुढे अ‍ॅडर हा साप. दोन शब्दांत काम खलास, वर सापशिडीही आली! या छंदात असे दिवस फार येत नाहीत, म्हणून मिरवून घेतोय.

सिक्वेन्स: क्वीन्स शफल्ड बाय चर्च. क्वीन्सची अक्षरं पिसायची आणि पुढे सीई, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंड. यात पत्त्यांचा वास येतो हे मान्य, पण तेवढा हवाच. ऑपरेट म्हणजे ऑपेरा आणि टे, टे म्हणजे त्यांच्या सरगमातला नी. फंक्शन: नॉइझी अनॉइंटिंग, एफ (संगीतातला फोर्टे, म्हणजे मोठ्यानं) आणि अंक्शन.

घोळ ब्लीडवर झाला (रंग धुताना पसरतो तो रन). द फ्रेंच इन बेड, म्हणजे बेडच्या पोटात एल-ई (फ्रेंचमधला द, ले). यावर मी बेहद्द खूश. पण स्मगलमध्येही शेवटी ले होता, स्मग, जी आणि परत द फ्रेंच. एका कोड्यात एकच युक्ती दोनदा म्हणजे आळस, संपादक पहिलं तेच पकडतो. ब्लीडचा क्लू टाकून द्यावासा वाटेना, म्हणून स्मगलची अक्षरं कागदावर गोल मांडून बसलो आणि बाहेर पडलं मग्ज लेग. झालं! मग्ज लेग, ब्रोकन. सरळ अ‍ॅनाग्राम, जुन्यापेक्षा दसपट बरा.

स्टँडवर आमच्या टेस्ट सॉल्व्हरशी (कोडं आधी सोडवून बघणाऱ्याशी) वाद झाला. क्लू आहे टिप ऑफ टो इन सँड, त्याला हरकत नाही. त्याचं म्हणणं, उभं राहणं आणि पळणं एक कसं? म्हटलं निवडणूक आठव. ब्रिटनमध्ये उमेदवार स्टँड होतो, अमेरिकेत रन होतो, फॉर मेयर दोन्हीकडे लागतं. आपण तर उभेच राहतो. वाक्यात एक शब्द काढून दुसरा ठेवला आणि वाक्य तसंच चाललं की माझ्यासाठी पास, मग बाकी ठिकाणी ते एकमेकांच्या उलट का असेनात. उगाच साखळी मात्र लावायची नाही. रन म्हणजे ब्लीड आणि रन म्हणजे मॅनेज, म्हणून ब्लीड म्हणजे मॅनेज होत नाही. फुकटच्या समानार्थी साइट्स नेमकं हेच करतात, उदाहरणाचं वाक्य न देता पन्नास शब्द ओततात. चेंबर्स घ्या, पैसे वसूल होतात. भरणीला क्यूएक्सडब्ल्यू फुकट आहे आणि सिमेट्री स्वतः सांभाळतं, दिसायला रुक्ष आहे, असू दे.

थांबा. हे लिहिता लिहिताच सुचलं. सिक्वेन्स शेवटी हवा हा हट्ट कशाला? कोडं क्रमानं सोडवतं कोण? जिथे जमेल तिथून लोक घुसतात. ओळी पलटण्याऐवजी फंक्शन आणि सिक्वेन्सचीच अदलाबदल केली तर मॅनेज पुन्हा एक नंबरचा आडवा शब्द होतो (मॅन आणि एज, सुरुवातीला सोपा घास), वर उजवीकडे उभे शब्द ई, यू, एन, ई नी सुरू होतात, त्यात काहीच कठीण नाही, आणि खाली फंक्शनमुळे एफ, एन, टी, ओ वर संपतात. चीफ, पियानो, काय वाट्टेल ते! गुरू आणि हायकूची गरजच उरली नाही. म्हणजे कालची भरणी पुसायची. पुसतो. क्लू सगळे टिकतात, भरणी आज रात्री परत चालवतो.

राहिले सिंगल आणि स्ट्रीक. स्ट्रीकला राइट इन स्टेक, ठीक आहे. सिंगलला सध्या स्मॉल फायरप्लेस, एस आणि इंगल. पण इंगल आपल्याकडे कोणाला माहीत असणार, क्रिकेटमधला सगळ्यात सोपा रन आणि क्लू सगळ्यात अवघड, हे जमत नाहीये. कोणाला सिन घेऊन काही सुचत असेल तर सांगा, पुढच्या जीएलईचं काय करायचं ते मला अजून दिसत नाही, आणि एक अट, ले परत नको.