रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डर्ट बाइकची जंगलवाट

या खेपेला वाट ठरवताना सगळ्यात आधी नकाशावर रुग्णालय शोधलं. सीटी स्कॅनची सोय असलेलं, रात्री-अपरात्रीही चालू असणारं. मग तिथून मागे मोजत आलो: ट्रेलच्या प्रत्येक टप्प्यावरून पक्क्या रस्त्याला लागायला किती वेळ, आणि तिथून गाडीने किती. दोन्ही मिळून दीड तासाच्या वर जाणारा फाटा वगळायचा, असं मी ठरवलं होतं. त्यात त्या भागातली सगळ्यात देखणी कड्यावरची वाटही गेली. जिवाला लागलं, पण पुन्हा गेलो तरी ती वगळेनच.

मी अपिक्साबान हे रक्त पातळ करणारं औषध घेतो. पायाच्या शिरेत गुठळी झाली, तिचा तुकडा फुफ्फुसात जाऊन अडकला, तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ ही गोळी सुरू आहे. सुरुवातीचे महिने डॉक्टरांनी बाइकला हात लावू दिला नाही. ते योग्यच होतं. पहिल्या तीन महिन्यांत गुठळी पुन्हा होण्याचा धोका सर्वाधिक असतो आणि त्या काळात रक्तस्रावामुळे गोळी थांबवावी लागणं फार महागात पडतं. नंतर आमचं सविस्तर बोलणं झालं. ‘पडलात तर काय होऊ शकतं ते मी सांगतो, जायचं की नाही ते तुम्ही ठरवा,’ असं ते म्हणाले. निघण्याआधी हिमोग्लोबिन, प्लेटलेट, किडनीची तपासणी आणि रक्तदाब पाहून घेतला. हे बोलणं आणि या तपासण्या झालेल्या नसतील, तर पुढचं वाचून कृपया बाइक बाहेर काढू नका.

लोकांना वाटतं, अशा माणसाला नुसतं खरचटलं तरी रक्त थांबणार नाही. तसं नसतं. स्वच्छ कापड घट्ट दाबून, दहा-पंधरा मिनिटं मध्ये उचलून न बघता धरलं, तर बहुतेक छोट्या जखमा थांबतात. खरी भीती मुक्या माराची. वरून काहीच दिसत नाही आणि आत रक्त झिरपत राहतं. हेल्मेट कवटी वाचवतं, पण आत मेंदूला बसणारा हिसका पूर्ण थोपवू शकत नाही. हँडलचं टोक पोटात घुसलं तर प्लीहा किंवा यकृत फाटू शकतं. अशा वेळी काहींना डाव्या खांद्यात दुखतं आणि खांद्याला तर काही लागलेलं नसतं. मांडीच्या स्नायूत तर लिटरभर रक्तही बाहेरून फारसं न कळता मावतं. म्हणूनच वाट किती अवघड आहे यापेक्षा ती रुग्णालयापासून किती दूर आहे, हे मी आधी बघतो.

सकाळची गोळी वेळेवर घेतली. राइडच्या दिवशी गोळी टाळणारे लोक मला माहीत आहेत आणि मला त्यांची काळजी वाटते. अपिक्साबानचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण बारा तास लागतात. म्हणजे एक गोळी गाळून रक्त पूर्ववत होत नाही, गुठळीपासूनचं संरक्षण मात्र कमी होतं. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं जुनं औषध घेणाऱ्यांना तर एका दिवसाच्या खंडाचा काहीच उपयोग नाही, त्याचा परिणाम कित्येक दिवस टिकतो. त्यांनी जाण्याच्या आठवड्यात आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप, तपासावा. बहुतेकांचं लक्ष्य २ ते ३ असतं, कृत्रिम झडप असलेल्या काहींचं जास्त. नुकतीच अँटिबायोटिक घेतली असतील तर ही तपासणी टाळूच नका, कारण त्यांतली बरीच औषधं आयएनआर वाढवतात. याच कामाच्या रिव्हारोक्साबानच्या १५ आणि २० मिलिग्रॅमच्या गोळ्या जेवणासोबतच घ्यायच्या असतात. ट्रेलवर जेवणाची वेळ सरकते, तेव्हा याचा विचार आधी करा. डाबिगाट्रान या तशाच औषधाच्या कॅप्सूल ओलाव्याने खराब होतात, म्हणून त्या मूळ पाकिटातच ठेवा.

पहिला टप्पा वाळूचा, मग कोरड्या ओढ्याचं पात्र. इथे काही सांगण्यासारखं नाही, उभं राहून, नजर लांब ठेवून, थ्रॉटल सोडायचा नाही, एवढंच. चौघांत मी तिसरा होतो. पुढे राहिलं की अंगात जोर येतो आणि शेवटी राहिलं तर पडलेलं कोणाला कळत नाही, म्हणून मधली जागा. उड्या नाहीत, उतारावर कोणाशी बरोबरी नाही. अंगावर छाती-पाठीचं कवच, नितंब आणि मांडीला पॅड असलेली शॉर्ट, गुडघ्याचे गार्ड, ताठ बूट, मानेला ब्रेस. पाठीच्या कवचावर ‘ईएन १६२१-२’ हे युरोपीय मानक आणि लेव्हल २ लिहिलेलं बघून घ्या. हेल्मेटला एकदा जोराचा दणका बसला असेल तर ते बदला, वरून कितीही धड दिसो.

मग आला खडकाळ चढ, आणि इथे थोडं थांबून सांगतो, कारण मागून येणाऱ्यांना हाच भाग उपयोगी पडेल. वेग चालण्याइतकाच होता. पुढचं चाक एका सुट्या दगडावरून घसरलं, बाइक डावीकडे कलंडली आणि हँडलचं टोक मांडीवर बसलं, नेमकं पॅडच्या खालच्या कडेपाशी. डोकं कुठेही आपटलं नव्हतं. मागच्याने पडताना पाहिलं होतं आणि हेल्मेटवर ओरखडाही नव्हता. हे पाहणाऱ्याने सांगणं महत्त्वाचं, पडणाऱ्याची आठवण भरवशाची नसते. डोकं आपटलं असतं, तर बरं वाटत असलं तरी राइड तिथेच संपवून सीटी स्कॅनला जायचं, हे आमचं आधीच ठरलेलं होतं. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांना डोक्याला मार लागल्यापासून आठ तासांच्या आत स्कॅन करण्याचा विचार करावा, असं ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या आरोग्यसंस्थेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. स्कॅन ठीक आला तरी पहिले चोवीस तास सोबतीला कोणीतरी हवं. नंतरच्या काही आठवड्यांत वाढती डोकेदुखी, उलट्या, गोंधळल्यासारखं होणं, हातापायात अशक्तपणा, यातलं काहीही झालं तर पुन्हा धाव घ्यायची.

मांडीवर सुरुवातीला फक्त लालसर गोल डाग होता. आम्ही बॉलपेनने त्याच्या कडेने रेघ ओढली, बाजूला वेळ लिहिली आणि टेपने दोन्ही मांड्यांचा घेर मोजला, गुडघ्यापासून सारख्याच उंचीवर. थंड पट्टी लावली, क्रेप बँडेज सैलसर बांधलं, पाय उंच ठेवला. अर्ध्या तासाने डाग रेघेच्या बाहेर बोटभर सरकला होता आणि घेर दीड सेंटिमीटरने वाढला होता. दुखत फारसं नव्हतं. पेनची रेघ नसती तर मी ‘ठीक आहे’ म्हणून पुढे निघालो असतो. ती बघितल्यावर चर्चाच झाली नाही. एकाने माझी बाइक खाली नेली, दुसरा मला घेऊन सगळ्यात जवळच्या फाट्याने रस्त्याला आला.

रुग्णालयात माझ्या मित्राने पहिलं वाक्य हेच टाकलं: ‘हा अपिक्साबान घेतो, शेवटची गोळी सकाळी सात वाजता.’ औषधाचं नाव, मात्रा, वेळ आणि कशासाठी, हे चार तपशील गळ्यातल्या कार्डावर आणि फोनच्या लॉक स्क्रीनवर असू द्या आणि सोबत्यांकडूनही पाठ करून घ्या. कुठल्या औषधावर कोणता उतारा द्यायचा ते यावरूनच ठरतं. वॉरफरिनला व्हिटॅमिन के, डाबिगाट्रानला इडारुसिझुमॅब, असे ते वेगवेगळे आहेत. सोनोग्राफी झाली, हिमोग्लोबिन काही तासांच्या अंतराने दोनदा तपासलं. स्नायूत रक्त साचलं होतं, पण वाढत नव्हतं. संध्याकाळची गोळी घ्यायची की थांबवायची हे तिथल्या डॉक्टरांवर सोपवलं. तुम्हीही ते स्वतः ठरवू नका. मांडी लाकडासारखी टणक होणं, मारापेक्षा कितीतरी जास्त वेदना, पाऊल बधिर होणं, ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट बघायची नाही, असं त्यांनी निघताना बजावलं. दुखण्यावर सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल दिलं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि अ‍ॅस्पिरिन प्रथमोपचाराच्या पेटीतून आधीच काढून टाका, कारण घाईत कोणीतरी तीच गोळी हातावर ठेवतं. पुढच्या काही दिवसांत काळानिळा डाग ओघळत गुडघ्याखाली आला. तो दिसायला भीतीदायक असतो, पण रक्त खाली उतरत असल्यामुळे तसं होतं.

परतीच्या लांबच्या प्रवासात दर तासाला गाडी थांबवून, सोबत्याच्या आधाराने चार पावलं टाकली आणि भरपूर पाणी प्यालो. बसून राहणं आणि अंगातलं पाणी कमी होणं, दोन्ही गुठळीला आयतं निमंत्रण.

याच वाटेने जाणार असाल तर ती उलट्या दिशेने करा. खडकाळ भाग पहिल्या तासातच लागतो, अंग ताजं असतं, चढाऐवजी उतार मिळतो, जो बाइक बंद करून हाताने सोडत नेता येतो, आणि पक्का रस्ता तिथून वीस मिनिटांवर असतो. वाळू शेवटाला ठेवा. दमल्यावर पडलात तरी तिथे मऊ पडाल. मोबाइलची रेंज खडकाच्या वरच्या टोकाशी जाते ती थेट ओढ्यापाशी परत येते, त्यामुळे परवानगी असेल तिथे सॅटेलाइट मेसेंजर (रेंज नसतानाही उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र) घ्या आणि तो बॅगेत न ठेवता अंगावर बांधा.