उडत नाही, मग पंख कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. स्टीमर डकचा फोटो दाखवला, की कुणी ना कुणी विचारतंच: "उडता येत नाही, तर त्याला पंख कशाला?" आवाजात थोडी कीव असते. ती या बदकावर फुकट जाते, असं माझं मत.

हे भांडखोर, जाडजूड बदक दक्षिण अमेरिकेच्या टोकाला आणि फॉकलंड बेटांवर राहतं. चार जातींपैकी तीन उडत नाहीत. चौथी उडते खरी, पण तिच्यातलेही काही नर इतके वजनदार होतात की हवेत उठतच नाहीत. म्हणजे उडणं सुटायची प्रक्रिया आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे म्हणा ना.

उडायचं कशासाठी, हा खरा प्रश्न. उजनी धरणावर थापट्या बदक येतो, कारण उत्तरेतली त्याची तळी हिवाळ्यात गोठतात. फॉकलंडचा समुद्र गोठत नाही. सागरी शेवाळाच्या दाटीत बुडी मारली की शिंपले, खेकडे बारा महिने मिळतात. जोडी किनाऱ्याचा एक तुकडा धरते आणि वर्षभर राखते. तिथे हलकं राहण्यापेक्षा दांडगं असणं कामाला येतं.

आता पंखांचं. घाईत असलं की हे बदक पाय मारतंच, शिवाय दोन्ही पंख पाण्यावर आपटत सुटतं. दोन्ही बाजूंनी तुषार उडतात. जुन्या चाकाच्या आगबोटीवरून नाव पडलं ते यामुळेच. डार्विन 1833 आणि 1834 मध्ये फॉकलंडला गेला होता. त्याने नोंदवलंय की पेंग्विन पंखांचे माशासारखे पर करतो, हे बदक वल्ही करतं आणि दक्षिण अमेरिकेतला शहामृग (म्हणजे ऱ्हिया) शिडं. या बदकाची कवटी आपल्या भूगर्भशास्त्राच्या हातोडीनेही फुटता फुटत नाही, असंही तो लिहून गेलाय. फोडायची का होती, ते विचारू नका!

पंख दुमडतो त्या सांध्यापाशी नीट बघा. तिथे केशरी, टणक गाठ असते, नराची जास्त ठसठशीत. हद्दीत दुसरा नर शिरला की चोचीने त्याचं डोकं किंवा मान पकडायची आणि या गाठीने बदडायचं. स्टीमर डकांनी दुसऱ्या जातींची बदकं अशी मारून टाकल्याच्याही नोंदी आहेत.

कीव करायचीच, तर अर्जेंटिनातल्या चुबुट प्रांताच्या स्टीमर डकच्या जातीची करा. 1981 मध्ये ती वेगळी म्हणून ओळखली गेली. अर्जेंटिनाच्या किनाऱ्याच्या एका छोट्या पट्ट्यापलीकडे ती नाही, आणि त्याच भागातून खनिज तेलाची ने-आण चालते. तेल सांडलं तर उडणारे पक्षी निदान दुसरीकडे जाऊ शकतात. हिला तो पट्टा सोडून फार लांब जाता येत नाही.