रायफलला मझल ब्रेक: खांदा वाचतो, कानाचं काय?

हल्ली इकडे अमेरिकेत मॅग्नम रायफल (म्हणजे जास्त पावडरचं, दणकट काडतूस मारणारी) घ्यायला दुकानात गेलात की बऱ्याच रायफलींच्या नळीच्या टोकाला मझल ब्रेक आधीच बसवलेला असतो, आणि नसेल तर काउंटरवरचा माणूस सांगतो की लावून घ्या, खांद्याला काही जाणवणारच नाही. खोटं नाही बोलत तो, पण अर्धंच सांगतो. मिनेसोटातल्या एका मराठी मित्राचा मागच्या आठवड्यात मेसेज आला, "ताई, पुढच्या सीझनला कोलोराडोला एल्कसाठी यायचंय, ३०० विन मॅग बघतोय, ब्रेक लावू का?" (एल्क म्हणजे इकडचं मोठं हरीण, ३०० विन मॅग हे एक मॅग्नम काडतूस.) त्याला फोनवर जे बोलले तेच इथे जरा सविस्तर लिहितेय, कारण या विषयावर मराठीत मला काहीच सापडलं नाही आणि आपली बरीच मुलं आता इकडे शूटिंगकडे वळलीयत.

आधी ब्रेक करतो काय ते बघू. २६ जानेवारीच्या परेडला के-९ वज्र तोफ जाते, तिच्या नळीच्या टोकाला तो फटी असलेला जाडजूड ठोकळा दिसतो ना, तीच वस्तू छोटी करून रायफलवर चढवायची. गोळी सुटली की तिच्यामागून जळलेल्या पावडरचा गॅस प्रचंड वेगाने बाहेर येतो, आणि खांद्याला जो दणका बसतो तो गोळीचा आणि या गॅसचा असा दोघांचा मिळून असतो. ३०० विन मॅगमध्ये साधारण १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळी-पावडरीचं वजनाचं छोटं माप) गोळी आणि ७० ग्रेनच्या आसपास पावडर. गोळी सेकंदाला २९०० फुटांच्या पुढेमागे निघते आणि गॅस तिच्याहून बराच जोरात, म्हणजे हिशोब केला तर धक्क्याचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग नुसत्या गॅसचा भरतो. ब्रेक हा गॅस पुढे जाऊ न देता बाजूला आणि थोडा मागे वळवतो. गोळीच्या वाटणीचा धक्का तो कमी करू शकत नाही, फक्त गॅसवरच त्याची हुकमत. म्हणून काडतुसात पावडर जितकी जास्त तितका ब्रेकचा उपयोग जास्त.

हेच उलटं करून बघा. नाशिकला कॉलेजात असताना एनसीसीत आम्ही पॉइंट टूटूने, म्हणजे अगदी छोट्या काडतुसाच्या रायफलने फायरिंग करायचो, त्यात पावडर जेमतेम एक-दीड ग्रेन, तिला ब्रेक लावून काय होणार? आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ मिळवलं तेही पॉइंट टूटूवरच, आणि आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) रायफल स्पर्धांत तर मझल ब्रेकला परवानगीच नाही. म्हणजे भारतात रायफल शिकलेल्या माणसाचा या प्रकाराशी संबंधच येत नाही आणि इकडे आल्यावर तो एकदम समोर उभा राहतो.

बरं, फायदा किती? चांगल्या ब्रेकने धक्क्याची ऊर्जा ४०-५० टक्के उतरते असं सांगतात ते ऐकून अतिशयोक्ती वाटते पण नाहीये. ऊर्जा वेगाच्या वर्गाने बदलते, म्हणजे रायफल मागे येण्याचा वेग पाव हिश्शाने कमी झाला तरी ऊर्जा ४४ टक्के कमी होते. माझ्यासारख्या किरकोळ अंगाच्या बाईला हा फरक फारच मोठा आहे. मॅग्नमच्या दहा-बारा फैरी झाल्या की खांदा काळानिळा पडतो ते एक वेळ परवडलं, खरं नुकसान नेमाचं होतं, कारण शरीर पुढच्या दणक्याची वाट बघायला लागतं आणि चाप दाबायच्या क्षणीच आपण अंग चोरतो. हे बघायचं असेल तर कुणाला तरी मॅगझिनमध्ये तुमच्या नकळत एक डमी राउंड, म्हणजे न उडणारं खोटं काडतूस घालायला सांगा. डमीवर चाप दाबला की आवाज नाही, धूर नाही, पण नळीचं टोक खाली जातं, डोळे घट्ट मिटलेले, खांदा पुढे आलेला. ज्याचं टोक असं खाली जातं त्याची गोळी कुठे लागेल ते देवालाच ठाऊक, आणि जखमी जनावर रात्रभर जंगलात फिरतं.

दुसरा फायदा लांब पल्ल्याचा, आणि मला विचाराल तर हाच खरा. धक्का कमी म्हणजे रायफल उसळत नाही, स्कोपमधलं चित्र हलत नाही आणि गोळी कुठे पडली ते तुमचं तुम्हाला दिसतं. आठशे यार्डावरच्या लोखंडी प्लेटच्या डावीकडे माती उडाली की लगेच वाऱ्याचा अंदाज सुधारून पुढची मारता येते, शेजारी बसून सांगणारा लागत नाही. इकडच्या प्रिसिजन रायफल स्पर्धांमध्ये ६ मिलिमीटरसारख्या मुळातच मऊ काडतुसांवरही लोक ब्रेक लावतात ते याचसाठी.

आता दुसरी बाजू. मला लिहायचं होतं ते खरं तर हेच.

बाजूला वळवलेला गॅस जातो कुठे? शेजाऱ्याकडे. आमच्या इथल्या रेंजवर पत्र्याच्या शेडखाली बाकं आहेत, आणि शेजारच्या बाकावर कुणी ब्रेकवाली मॅग्नम सोडली की टेबलावरची रिकामी काडतुसं गडगडत खाली जातात, वहीची पानं उलटतात, छातीत धप्प होतं आणि दातांपर्यंत काहीतरी पोचल्यासारखं वाटतं, हे सगळं कानात प्लग आणि वर मफ (कान झाकणारे हेडफोनसारखे कप) असताना. एकदा एक आई आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पॉइंट टूटू शिकवायला घेऊन आली होती, शेजारी अशी रायफल सुरू झाली आणि दोन फैरींतच पोराने कान दाबून धरले, रडायला लागला, ती बिचारी सामान आवरून निघून गेली. ब्रेकवाल्याला त्याचा पत्ताही नव्हता, तो स्कोपमध्ये. मला तेव्हा फार वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं, कारण शिकायला आलेलं लेकरू अशाने कायमचं दूर जातं.

आकड्यांत सांगायचं तर अशा अचानक आवाजासाठी १४० डेसिबल ही धोक्याची रेषा धरतात. मोठी रायफल ब्रेक नसतानाच १६० च्या आसपास किंवा वर असते, ब्रेक लागला की मारणाऱ्याच्या कानाशी त्यात आणखी पाच-दहाची भर पडते. पाच-दहा म्हणजे किरकोळ नव्हे, दर सहा डेसिबलला हवेचा दाब दुप्पट होतो. प्लग आणि मफ दोन्ही घातले तरी संरक्षणाची बेरीज होत नाही, दुसऱ्यामुळे जेमतेम पाचेक डेसिबल जास्त मिळतात. उघड्या कानाशी एकच फैरसुद्धा ऐकणं कायमचं कमी करू शकते, नाहीतर ती शिट्टी मागे लागते जी रात्री झोपताना सगळ्यात मोठी ऐकू येते. कानात दडे बसले, उद्या सुटतील, असं समजून गप्प बसणारे खूप भेटतात. आतल्या केसासारख्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत.

रेंजवर निदान सगळ्यांचे कान झाकलेले असतात. शिकारीत काय होतं? ऑक्टोबरची पहाट, अ‍ॅस्पेनच्या झाडीत चालताय, एल्कची चाहूल ऐकायची म्हणून कान उघडेच. मग अचानक जनावर समोर येतं आणि प्लग काढून घालायला वेळ कुणाला? सोबतचा तर बिचारा तुमच्या बाजूला, दोन हात पुढेच उभा, नेमका जिथे ब्रेकचा गॅस येतो तिथे. म्हणूनच शिकारीला नेणारे बरेच गाइड ब्रेक काढून ठेवायला सांगतात, त्यांचं पोट त्यांच्या कानांवर आहे. इलेक्ट्रॉनिक मफ हा चांगला उपाय आहे, बारीक आवाज वाढवून देतात आणि मोठा आवाज अडवतात, पण दिवसभर घालणारे फार थोडे. बाकीच्यांचे मानेवर लटकलेले असतात.

बारीकसारीक त्रासही आहेतच. आडवं झोपून मारताना खालच्या बाजूला भोकं असलेला ब्रेक धूळ नाहीतर बर्फ उडवतो आणि समोरचं काही दिसत नाही, त्यामुळे घ्यायचाच तर फक्त दोन्ही बाजूंना फटी असलेला घ्या. लांबी दोनेक इंच वाढते. नळीच्या टोकावर वजन आलं की गोळी पडायची जागा सरकते, म्हणजे लावला तरी पुन्हा झिरो करा (स्कोप गोळीच्या जागेशी जुळवून घ्या) आणि काढला तरी पुन्हा करा. ब्रेक ज्यावर फिरवून बसतो ते नळीवरचे आटे नळीच्या मध्याशी सरळ हवेत, नाहीतर गोळी ब्रेकला घासते, त्यामुळे हे काम जाणत्या गनस्मिथकडूनच करून घ्या. आणि न्यूयॉर्कमध्ये असाल तर आधी कायदा वाचा, २०१३ पासून तिथे सेमी-ऑटोमॅटिक रायफलवरचा मझल ब्रेक असॉल्ट वेपनच्या यादीतल्या खुणांमध्ये मोजतात.

मग मित्राला काय सांगितलं? पहिलं म्हणजे ३०० विन मॅगचा हट्टच कशाला. कोलोराडोत एल्कसाठी कायद्याने किमान पॉइंट २४ कॅलिबर आणि ८५ ग्रेनची गोळी लागते, मॅग्नमची सक्ती नाही. ६.५ क्रीडमोर किंवा ३०८ या मॅग्नमहून हलक्या काडतुसांनी तीनशे यार्डांच्या आत नीट जागी मारली तर एल्क पडतो, आणि क्रीडमोरचा दणका मॅग्नमच्या निम्म्याच्या आसपास. ब्रेकचा प्रश्नच मिटतो. दुसरं म्हणजे सप्रेसरचा, म्हणजे नळीला लावायच्या सायलेन्सरचा विचार कर. तोही धक्का कमी करतो आणि आवाज वाढवायच्या ऐवजी वीस-तीस डेसिबलने उतरवतो. त्यावरचा २०० डॉलरचा फेडरल टॅक्स १९३४ पासून होता तो १ जानेवारी २०२६ पासून शून्य झालाय, कागदपत्रं आणि बोटांचे ठसे मात्र अजून द्यावे लागतात. मिनेसोटात आणि कोलोराडोत दोन्हीकडे चालतो, कॅलिफोर्निया-न्यू जर्सीवाल्यांना मात्र मिळत नाही. महाग पडतो, नळी सहा-आठ इंच लांब होते, झाडीत अडकते, हे खरंय. तरी माझं मत सप्रेसरलाच.

आणि मॅग्नमच घेणार असशील तर घे बाबा, ब्रेकही लाव, रेंजवर त्याच्यावरच हात बसव, फक्त कडेचं बाक पकड आणि सुरू करण्याआधी शेजाऱ्याला सांग. सीझनच्या पंधरा दिवस आधी ब्रेक काढ, आट्यांवर टोपी चढव, नव्याने झिरो कर. जनावर समोर असताना मारलेल्या एका फैरीचा दणका कुणाला जाणवत नाही. काढायचा नसेल तर सोबत येणाऱ्याला गाडीतून उतरायच्या आधी सांग की रायफलला ब्रेक आहे, आणि त्याने मफ कानांवर चढवल्याशिवाय सेफ्टीला हात लावू नकोस.