ऑर्डर आहे तर प्रस्ताव कशाला?

मी इंदूरला वकिली करते, क्रिमिनल साइड, आणि महिन्यातून दोनदा फ्री लीगल एडसाठी जेलमध्ये जाते. तिथे एक गोष्ट सारखी डोक्यात जायची. जमानत म्हणजे जामीन झालेला असतो, ऑर्डर हातात असतो आणि माणूस आतच. का, तर जमानतदार नाही. आमच्याकडे जमानतदार म्हणजे ज्याच्याकडे पावती आहे असा कोणीतरी. पावती म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारी भू-अधिकार ऋण पुस्तिका, पण कोर्टात सगळे पावतीच म्हणतात.

झाबुआकडचा एक मुलगा होता, मंडीत हम्माली करायचा, मोबाइल चोरीची केस, जमानत 15 हजारांची. गावात जमीन आहे पण ती अजून आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊनही किती वर्षं झाली, नामांतरण, म्हणजे वारसांच्या नावावर नोंद, कोणी केलंच नाही, म्हणजे जमीन असून बापाकडे दाखवायला पावती नाही. ऑर्डर होऊन चार महिने झाले होते. मला म्हणाला, मॅडम मेरी तो जमानत हो गई ना? मी काय सांगणार.

मग मी आणि माझ्या दोन ज्युनिअर्सनी बसून प्रस्ताव बनवला. दर शनिवारी जेलमध्ये एक टेबल, एक रजिस्टर, जमानत होऊन सात दिवसांवर गेले तरी सुटले नाहीत त्यांची यादी, आणि तिथेच प्रत्येकाचा अर्ज लिहून घ्यायचा. बस. पैसे नको, स्टाफ नको. फक्त एक सही हवी होती, एका मोठ्या ऑफिसातून (कुठलं ते लिहीत नाही, मला तिथे अजून जायचं असतं).

तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा साहेब मीटिंगमध्ये, दुसऱ्यांदा आवकचा शिक्का मिळाला, तिसऱ्यांदा कळलं की नस्ती चुकून दुसऱ्या शाखेत गेलीये. चौथ्यांदा मंगळवारी गेले तर एकदम आत बोलावलं.

मी तयारीत होते ना, सुरूच झाले. 31 जानेवारी 2023 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की जमानतीचा ऑर्डर त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी ई-मेलने जेलला गेला पाहिजे, सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल सुपरिंटेंडेंटने विधिक सेवा प्राधिकरणाच्या (फ्री लीगल एड देणारं सरकारी ऑफिस) सचिवांना कळवायचं, महिन्याभरात बाँड भरला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी बदलायचा विचार करू शकतं, शिवाय केंद्राची गरीब कैद्यांची स्कीम आहे, केस चालू असलेल्या कैद्याला जमानतीसाठी पैशांची मदत... साहेबांनी हात वर केला. म्हणाले, "मॅडम, सब ऑर्डर पहले से है, तो फिर प्रपोजल किस बात का?"

आता बोला. अकरा पानं मी हेच सिद्ध करायला लिहिली होती की नवीन काही मागत नाहीये, आणि तेच माझ्या अंगाशी आलं. दोन मिनिटं खरंच सुचलं नाही. मग फाइल बंद केली आणि त्या मुलाचं सांगितलं. साहेब मोबाइल बघत ऐकत होते, पावतीचा विषय आला तसे थांबले.

"जमीन किसके नाम है?"

"दादा के. नामांतरण नहीं हुआ."

हसले. "हमारी भी दादा के ही नाम है." आणि पेन काढून कोपऱ्यात लिहिलं, 'चर्चा करें'.

बाहेर आले तर बाबू म्हणाले, "चर्चा करें म्हणजे नाही असं नसतं हो ताई, पुढच्या आठवड्यात या." मराठीत बोलले! तीन चकरा मी त्यांच्याशी हिंदीत बोलत होते आणि हे काका रामबागेतले, इंदूरच्या मराठी वस्तीतले निघाले. पुढच्या आठवड्यात खरंच सही झाली, तीन महिन्यांसाठी, 'प्रायोगिक तौर पर' असं लिहून. तेवढं तर तेवढं.

पत्र हातात देताना काकांनी एक चिठ्ठी पुढे केली. शेजाऱ्यांचा भाचा आहे, जमानत झालीये, दीड महिना झाला, जरा बघा ना. एवढे दिवस माझी फाइल यांच्याच टेबलावर होती, एकदा तरी बोलायचं! चिडले होते, पण चिठ्ठी घेतली.

शनिवारी रजिस्टर उघडलं तेव्हा पहिलं नाव त्या हम्मालाचं लिहिलं. काकांच्या चिठ्ठीतलं नाव तारखेप्रमाणे जिथे येत होतं तिथे, दुसऱ्या पानावर.